खेकड्याच्या पोटातला लुकलुकता तारा

जानेवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास निपाणीच्या शिवारातून वर पाहा. लालसर रोहिणी जवळजवळ बरोबर माथ्यावर असते. तिच्या पूर्वेला, वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी खेकडा तेजोमेघ आहे. चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

त्याच्या मध्यावरचा अंधूक तारा छायाचित्रांत आधीपासूनच होता. तो स्पंदक आहे. सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो आणि दर गिरकीला दोनदा उजळतो. एवढी जलद उघडझाप डोळ्यालाही कळत नाही आणि फोटोप्लेटलाही. जानेवारी १९६९ मध्ये कॉक, डिस्ने आणि टेलर यांनी ॲरिझोनातल्या ३६ इंची दुर्बिणीला प्रकाशमापक जोडला आणि गिरकीच्या कालावधीनुसार प्रकाशाच्या नोंदी एकावर एक रचत नेल्या. आलेखात शिखरं उभी राहिली! दुर्बीण साधीच होती, मोजण्याची रीत नवी होती. म्हणूनच हा प्रयोग मला फार मोठा वाटतो.

हा प्रकाश तापलेल्या पृष्ठभागाचा नव्हे, तर चुंबकीय क्षेत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या कणांचा. रेडिओलहरींत तीन हजारांहून अधिक स्पंदक सापडलेत. दृश्य प्रकाशात लुकलुकताना दिसलेले मोजकेच. वाटेतले मुक्त इलेक्ट्रॉन रेडिओलहरींना उशीर करतात, दृश्य प्रकाशाला जवळजवळ नाही. त्यामुळे दोन्हींच्या वेळा ताडून पाहता येतात. रेडिओची बाजू आपल्याकडे भक्कम आहे: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या स्पंदकांचा वेध घेतात.