आपला संघ, आपली लेखणी

एखाद्या संघाचा चाहता म्हणजे केवळ प्रेक्षक नव्हे. प्रेक्षक खेळ पाहतो, टाळी वाजवितो आणि घरीं जातो. चाहता घरीं गेल्यावरहि खेळ चालूच ठेवतो. पराभवाच्या रात्रीं सुटलेला झेल तो मनांतल्या मनांत पुनः पुनः धरून पाहतो. विजयाच्या दिवशीं तीच हकीकत दहा जणांना दहा रीतींनीं सांगतो, आणि सांगतां सांगतां ती थोडी वाढवितोहि. या सांगण्याला यमक जुळलें, उपमा सुचली किंवा विनोदाची धार आली, कीं त्यांतून एक लहानसा वाङ्मयप्रकार जन्माला येतो. अमेरिकेंत बेसबॉल या खेळाभोंवतीं हा प्रकार विशेष बहरला. परंतु त्याचें बीज मराठी मातीला परकें आहे, असें मात्र मुळींच नाहीं.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर पिंगळी हें स्थानक लागतें. याच जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड वसलेलें आहे, आणि जात्यावर बसून विठ्ठलाला हांक मारणाऱ्या जनाबाईचें नांव त्या गांवाशीं कायमचें जोडलेलें आहे. या प्रदेशांतील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांतील, बायका पिढ्यान् पिढ्या जात्यावर ओव्या रचीत आल्या. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हेमा राईरकर व गी पॉइत्वां यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून जमविल्या. जात्यावरच्या ओव्यांत देव आहेत, माहेर आहे, सासरचा जाच आहे. त्यांच्याच पंक्तीला तालमींत घुमणारा मुलगा आणि फडांत उतरणारा भाऊहि आहे. कुस्तीच्या फडाशेजारीं बसून कुस्ती पाहण्याची चाल बायकांत नव्हती. तिनें जें पाहिलेलें नाहीं तेंच ती गात होती. आणि ज्याच्यासाठीं गात होती तो जिंकून येईल कीं हरून, हें ठाऊक नसतांना गात होती. चाहत्याच्या लेखनाचें मर्म येथेंच सांपडतें. तें घडलेल्या गोष्टीची नोंद नसून, घडणाऱ्या गोष्टीशीं जोडलेल्या जिवाचा उद्गार असतें.

नोंद आणि उद्गार यांतील हा भेद एका उदाहरणानें स्पष्ट होईल. सन १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीं काठेवाडच्या संघाविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धांवांच्या त्या वेळच्या विश्वविक्रमाशीं बरोबरी करण्यास अवघ्या ९ धांवा उरल्या असतांना प्रतिपक्षानें पुढें खेळण्याचें नाकारलें, आणि सामना तेथेंच संपला. धांवपत्रक ४४३ हा आंकडा लिहितें आणि त्यापुढें ‘नाबाद’ हा शब्द घालून मोकळें होतें. परंतु त्या न खेळलेल्या षटकांची हळहळ पत्रकाच्या कोणत्या रकान्यांत लिहावयाची? तो रकाना चाहत्याला स्वतः आंखून घ्यावा लागतो.

आतां अशा लेखनाच्या प्रसिद्ध नमुन्यांकडे पाहिलें, तर एक गोष्ट प्रथमदर्शनीं नवलाची वाटते. त्यांतील टिकून राहिलेले पुष्कळसे नमुने विजयाचे नाहींत. ते पराभवाचे आहेत. सन १८८२ च्या ऑगस्टांत लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडला जिंकण्यास ८५ धांवा हव्या होत्या. स्पॉफर्थच्या गोलंदाजीपुढें तो संघ ७७ धांवांत कोसळला आणि ऑस्ट्रेलियानें ७ धांवांनीं सामना जिंकला. चारच दिवसांनीं ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्रांत रेजिनल्ड शर्ली ब्रुक्स यानें इंग्लिश क्रिकेटच्या निधनाची थट्टेची वार्ता छापविली. देहाला अग्नि देऊन रक्षा ऑस्ट्रेलियास नेण्यांत येईल, असा तिचा शेवट होता. एका खिन्न चाहत्याच्या त्या विनोदावरून दोन देशांतील सामन्यांना ‘ॲशेस’ म्हणजे ‘रक्षा’ हें नांव पडलें, आणि तें आजतागायत चालू आहे. विजेत्यांच्या जयघोषाची आठवण उरली नाहीं. हरलेल्यानें स्वतःवर केलेली थट्टा मात्र अमर झाली.

बेसबॉलची कथाहि याहून निराळी नाहीं. या खेळांत फलंदाजाला तीन योग्य चेंडूंवर फटका साधला नाहीं, तर तो बाद होतो. सन १८८८ च्या जूनमध्यें अर्नेस्ट थेयर यानें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका दैनिकांत ‘केसी ॲट द बॅट’ ही कविता टोपणनांवानें प्रसिद्ध केली. मडव्हिल हें काल्पनिक गांव, त्याचा संघ दोन गुणांनीं मागें, शेवटचा डाव, आणि साऱ्या गांवाची मदार केसी या एका वीरावर. वीरकाव्याला शोभेल अशा थाटांत केसी मैदानावर येतो, पहिले दोन चेंडू ऐटींत सोडून देतो, आणि तिसऱ्यावर फळी फिरवितो ती नुसत्या वाऱ्यावर! डि वुल्फ हॉपर या नटानें ही कविता रंगभूमीवरून हजारों वेळां म्हटली. केसीनें चेंडू सीमेपार धाडला असता, तर ती कविता त्या आठवड्याच्या रद्दींत गेली असती. तो चुकला, म्हणून तो प्रत्येक गांवाचा झाला.

दुसरी खूण अशी, कीं उत्तम चाहता प्रतिपक्षाच्या कौशल्याला दाद देतो, मग ती दांतओठ खात कां होईना. सन १९१० च्या जुलैंत न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकांत फ्रँकलिन ॲडम्स या स्तंभलेखकानें आठ ओळींचें एक पद्य लिहिलें. शिकागो संघाचे टिंकर, एव्हर्स आणि चान्स हे तीन क्षेत्ररक्षक चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे व दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे इतक्या चपळाईनें फेंकीत, कीं प्रतिपक्षाचे दोन गडी एकाच झपाट्यांत बाद होत. न्यूयॉर्कच्या संघाचा एक चाहता त्या तीन नांवांना शोक करीत मोजतो, एवढाच त्या पद्याचा विषय. पुढें सन १९४६ मध्यें त्या तिघांची निवड बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत एकदमच झाली, आणि त्यांच्या कीर्तींत त्या आठ ओळींचाहि वांटा आहे, असें मानलें जातें.

या उदारपणाचा लाभ एका मराठी खेळाडूलाहि झाला. सन १९७१ मध्यें अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघानें वेस्ट इंडिजमध्यें प्रथमच मालिका जिंकली, आणि सुनील गावस्कर यांनीं आपल्या पदार्पणाच्या त्या मालिकेंत चार कसोट्यांत ७७४ धांवा केल्या. त्यांच्यावर गीत रचलें तें त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सोगायकानें. म्हणजे हरलेल्या पक्षाच्या माणसानें! कॅलिप्सो हा तेथील लोकगीताचा प्रकार. प्रसंगावर ताबडतोब रचना करणें हा त्याचा धर्म. आपल्याकडील शाहिराला तो सहज ओळखतां येईल.

आणि मराठी वाचकालाहि ही वृत्ति नवी नाहीं. रणांगण म्हणजे क्रीडांगण नव्हे, हें खरें; तरी आपल्या पक्षाविषयींच्या आपुलकीनें लिहिलेल्या मराठी गद्यांत जी बखर सर्वांत जिवंत ठरली, ती भाऊसाहेबांची बखर पानिपतच्या पराभवाचीच आहे.

परंतु ‘आपला’ हा शब्द जितका गोड तितकाच धारदार आहे. मुंबईंत सन १९१२ पासून चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी सामने होत असत. त्यांतील संघ गांवांचे नव्हते. युरोपियन, हिंदु, पारशी, मुसलमान आणि इतर अशा जमातींचे होते. त्यांत संघावरील प्रेम हें जमातीवरील अभिमान होऊन बसे. सन १९४० मध्यें गांधीजींनीं या सामन्यांविरुद्ध मत दिलें, आणि १९४६ नंतर ते बंद पडले. त्याहूनहि बोचणारी गोष्ट पळवणकर बाळू यांची. चांभार कुटुंबांत जन्मलेल्या या फिरकी गोलंदाजानें हिंदु संघाला १९०६ मध्यें युरोपियनांवर विजय मिळवून देण्यांत मोठा वांटा उचलला, आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यास हिंदूंच्या बाजूनें खेळतांना मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत दिला जाई. संघाचें नायकत्व त्यांना कधींच मिळालें नाहीं. १९२३ मध्यें तें त्यांचे बंधु विठ्ठल यांना लाभलें. बाळूंच्या चेंडूवर बळी पडल्यावर ज्यांनीं टाळ्या वाजविल्या, त्यांच्या ‘आपला’ या शब्दांत स्वतः बाळू कितपत सामावले होते? संघाची गाथा लिहावयास बसलेल्या प्रत्येकानें हा प्रश्न लेखणी उचलण्यापूर्वीं स्वतःस विचारावा, असा आहे.

त्याच सामन्यांच्या इतिहासांत याचें उत्तर सुचविणारा एक प्रसंगहि आहे. सन १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न मैदानावर हिंदु संघानें ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धांवा होत्या. इतरांच्या संघाचा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला. दुसऱ्या डावांत सांगलीच्या ख्रिस्ती कुटुंबांतील विजय हजारे उभे राहिले आणि ३८७ पैकीं ३०९ धांवा एकट्यानें केल्या. एका टोकाला त्यांचे बंधु विवेक होते. दोघांनीं मिळून ३०० धांवांची भागी केली, आणि तींत विवेक यांचा वांटा अवघ्या २१ धांवांचा होता. सामना एक डाव आणि ६१ धांवांनीं गेला तो गेलाच. पण त्या सामन्याचें नांव निघतांच आज प्रथम आठवतात ते हजारे. त्या एकवीस धांवा करीत भावाला साथ देणाऱ्या विवेक यांची गोष्ट कोणत्याहि जमातीचा माणूस आपली म्हणून सांगूं शकतो.

पुढें बाळ ज. पंडित यांनीं नभोवाणीवरून क्रिकेटचें धांवतें वर्णन मराठींत रुळविलें; शिरीष कणेकर व द्वारकानाथ संझगिरी यांनीं चाहत्याचा राग, लोभ आणि चेष्टा छापील पानावर आणली. त्यामुळें भाषेचें साहित्य आतां कोणाहि मराठी चाहत्याच्या हाताशीं तयार आहे. त्यासाठीं मोठा संघ किंवा मोठें मैदान लागतें असें नाहीं. पिंगळीसारख्या गांवांतील कबड्डीचा चमू शेजारच्या गांवाकडून हरून परत येतो, तेव्हां त्या संध्याकाळीं पारावर जें बोललें जातें, तेंच कोणी नेटकेपणानें लिहून काढावें. त्यांत आपली चूक लपवूं नये, पलीकडच्या गड्याची झेप नाकारूं नये, आणि आपल्या बांकावर कोणाला बसूं दिलें नाहीं, तेंहि सांगावें. ओवी रचणारी बाई भावाला जिंकविण्यासाठीं गात नव्हती. तो घरीं परत येईतों जातें चालू ठेवावें, एवढ्याचसाठीं ती गात होती.