दात काढल्यानंतरची काळजी

दात दुखू लागला की आपल्या वस्तीत पहिला उपाय मिसरीचा, दुसरा लवंगेचा आणि अगदीच असह्य झाले म्हणजे दवाखाना. तोवर दात काढण्यावाचून मार्ग उरत नाही. दात निघाला, सुटलो, असे समजून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. पण खरी काळजी त्यानंतरच घ्यावयाची असते, हे आम्हास आवर्जून सांगावेसे वाटते.

दात निघालेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बनते. ती जखमेवरची नैसर्गिक पट्टीच होय. ती निघून गेली तर हाड उघडे पडते आणि दोन-चार दिवसांत कानापर्यंत ठणका लागतो. दंतवैद्य याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात.

म्हणून कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. लाळ गिळावी. २४ तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये. पहिल्या दिवशी गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरावा. गरम शेक देऊ नये. गार पेज, दहीभात, मऊ खिचडी दुसऱ्या बाजूने खावी. २४ तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हळुवार चूळ भरावी. बाकीचे दात घासणे थांबवू नये. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घ्याव्यात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

सर्वांत मोठा शत्रू तंबाखू. बिडी, गुटखा, मिसरी यांनी जखम भरत नाही. आमच्या माता-भगिनी मिसरीला व्यसन मानतच नाहीत. पण मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते दारूपाशीच थांबवावे, असे आम्हास वाटत नाही.

वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूतही सोडून द्यावी. दाताची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. या भीतीपोटी लोक किडका दात वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात आणि पू साचू देतात.

रक्तदाब, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दात काढण्यापूर्वीच सांगावे. गोळी मनाने बंद करू नये. रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली, ताप आला किंवा गिळता येईना, तर रोज बुडेल म्हणून घरी बसू नये. एका दिवसाची मजुरी वाचवताना आठ दिवसांची जाते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत अल्प खर्चात उपचार होतात.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले, अशी नोंद विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. तोंडाची दुर्गंधी जाते, अन्न रुचते, हे त्यांपैकी दोन. दाताची निगा हा श्रीमंतांचा शौक नव्हे. आज रात्री झोपण्यापूर्वी मुलांसह सर्वांनी दात घासावेत, म्हणजे उद्या दात काढण्याची वेळच येणार नाही.