परदेशातलं एक सत्र (लेखांक 5) : नदीला जागा देणारा देश

अर्ज, व्हिसा, शिष्यवृत्ती हे सगळं मागच्या लेखापर्यंत झालं. आता मूळ प्रश्न. पर्यावरणाचा विद्यार्थी एका सत्रासाठी परदेशी जाऊन नेमकं शिकतो काय? नेदरलँड्सचंच उदाहरण घेऊ.

वाखेनिंगेन विद्यापीठाचं पहिलं सत्र सप्टेंबरात सुरू होतं. एका टप्प्यात विषय दोनच, एक सकाळी आणि एक दुपारी. ऐकायला सोपं वाटतं. पण सत्राचे क्रेडिट 30 आणि एका क्रेडिटमागे 28 तासांचा अभ्यास. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून हे भागत नाही.

खरी शाळा मात्र नदीकाठी भरते. या देशाची साधारण चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. 1953च्या पुरात 1,836 माणसं दगावली. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेत पाण्याने भरलेला काचेचा एक उंच नळा आहे. त्यातलं पाणी त्या पुराची पातळी दाखवतं, शून्य पातळीच्या वर 4.55 मीटर. ते पाहायला मान वर करावी लागते.

पुढे मोठमोठे बांध झाले. तरी 1995 मध्ये नद्या फुगल्या आणि सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. मग विचार फिरला. बांध किती उंच करत राहणार? त्यापेक्षा नदीला पसरायला जागा द्यावी. तीसहून अधिक ठिकाणी ही कामं झाली. नायमेखेन शहरासमोर तर बांध 350 मीटर मागे नेला. त्यासाठी राहती घरं पाडावी लागली आणि ते कुणालाच सोपं गेलं नाही.

ओव्हरडीप या नदीकाठच्या भागाची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. इथली शेतजमीन पुराच्या पाण्यासाठी मोकळी ठेवायची होती. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा पुढे केला : बांधालगत मातीचे उंच ओटे घाला, घर आणि गोठा त्यावर बांधू, पूर आला तर खालच्या शेतात येऊ दे. तसे आठ ओटे उभे राहिले. एरवी त्याच शेतात गाई चरतात.

आपली मुलं तिथून समुद्राचं पाणी अडवणाऱ्या दारांचे फोटो घेऊन येतात. फोटो जरूर काढावेत, पण पाण्याचा कारभार पाहणाऱ्या जलमंडळाची एखादी बैठक चुकवू नये. देशात अशी 21 मंडळं आहेत. त्यांच्या निवडणुका वेगळ्या होतात, कर वेगळा असतो. पाण्याचा खर्च कोण सोसणार, जमीन कुणाची जाणार, भरपाई किती, हे सगळं तिथे उघड बोललं जातं. यंत्रं विकत आणता येतात. ही बोलण्याची रीत शिकूनच आणावी लागते.

सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांना 2019चा पूर वेगळा सांगायला नको. त्यांनी, आणि नदीकाठच्या प्रत्येकानेच, तिकीट काढण्याआधी एक करावं. आपल्या नदीच्या पूररेषेचा नकाशा मिळवावा, त्यातल्या निळ्या पूररेषेच्या आत किती घरं आहेत ती मोजावीत, आणि तो कागद बॅगेत ठेवूनच निघावं.