शिकारीचे गणित

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात आला होता. वाघूर नदीच्या दरीपलीकडे, झाडीत लपलेली एका लेण्याची कमान त्याला दिसली. पुढची हकिगत आपण इतिहासात शिकवतो. दहाव्या लेण्यात स्मिथने कोरलेले त्याचे नावही आहे. पण या हकिगतीतल्या वाघाचे काय झाले, हे आपण सहसा विचारत नाही. त्या वेळी या डोंगरांत शिकारीला यावे इतके वाघ होते. मग ते गेले कुठे?

“जंगल तुटले आणि शिकारीत संपले,” असे उत्तर विद्यार्थी देतील. ते बरोबरच आहे. पण त्यातून एक नवा प्रश्न निघतो. जर्मनीत २०१९-२० या एका हंगामात साडेआठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली, तरी तिथली रानडुकरे संपली नाहीत. असे का?

शिकारीची राने

जर्मनीत १८४८ च्या क्रांतीपर्यंत शिकार हा राजे-सरदारांचा मान होता. नंतर तो हक्क जमीनमालकाला मिळाला. मात्र शिकारीचे रान स्वतंत्र मानले जाण्यासाठी सलग ७५ हेक्टर जमीन लागते. त्याहून लहान शेते एकत्र करून गावाचे सामाईक रान करतात आणि ते शिकाऱ्यांना खंडाने देतात. शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. हरणांसारखे प्राणी किती मारायचे याचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. पिले वाढवणाऱ्या आईबापांना मारायला बंदी असते. रानडुकरांनी पीक खाल्ले तर भरपाई बहुधा रान खंडाने घेणाऱ्यालाच द्यावी लागते. हंगेरीत परदेशी पर्यटक मोठ्या शिंगांच्या हरणांसाठी पैसे मोजून येतात. तिथे शिंगांच्या वजनावर शुल्क ठरते.

आपल्याकडेही अशी राने होती. इंग्रजी अमदानीत वनखात्याने जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडले. परवाना काढून ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा, गावकऱ्यांनी हाका घालायचा आणि साहेबाने मचाणावर बसायचे, अशी रीत होती. स्वातंत्र्यानंतरही हे थांबले नाही. परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलांत शिकारीला नेणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तरुणपणी अशीच एक कंपनी चालवली होती. परवान्यावर जनावरांची मर्यादा लिहिलेली असे. पण त्या जंगलात वर्षाला वाघाचे किती बछडे जगतात, हे मोजण्याची खात्रीची सोय नव्हती. देशभरातल्या वाघांची पहिली मोजणी झाली ती १९७२ मध्ये. तेव्हा ते सुमारे १,८०० भरले.

फळ्यावर मांडून पाहू

खालचे आकडे उदाहरणासाठी मानलेले आहेत.

एका रानात १०० रानडुकरे आहेत, त्यांत ५० माद्या. मादी एका वेतात चार-सहा पिले घालते. त्यांतली प्रत्येकी दोनच जगली, तरी वर्षात १०० नवी जनावरे आली. नैसर्गिक मृत्यू बाजूला ठेवले, तर १०० मारूनही कळप तेवढाच राहतो. ही झाली ‘वाढ’, म्हणजे मुद्दलाला हात न लावता मिळणारे व्याज.

आता दुसऱ्या जंगलात २० वाघ घेऊ, त्यांत विणाऱ्या माद्या आठ. बछडे जवळजवळ दोन वर्षे आईबरोबर असतात. त्यामुळे एका वर्षी साधारण तीनच माद्या वितात. तिघींचे मिळून नऊ बछडे झाले, त्यांतले निम्मे मोठे झाले, म्हणजे चार-पाच. म्हातारे होऊन किंवा झुंजीत मेलेल्या वाघांची जागाही त्यांनीच भरायची. उरला तर एखादा उरतो.

त्यातच शिकाऱ्याला हवा असतो सर्वांत मोठा नर. तो पडला की शेजारचा नर त्याच्या हद्दीत शिरतो आणि पुष्कळदा आधीच्या नराचे बछडे मारून टाकतो, कारण त्यानंतर मादी लवकर माजावर येते. परवान्यावर एक वाघ लिहिलेला असतो, जंगलातून कमी होतात तीन-चार!

याला अन्नाच्या पिरॅमिडचीही जोड द्या. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे ५० जनावरे लागतात. तेवढी दरवर्षी मिळत राहायची तर जंगलात सुमारे ५०० जनावरे हवीत. शूटिंग ब्लॉकमध्ये चितळ-सांबरही मारले जात, म्हणजे वाघाचे ताटही रिकामे होत होते.

आजचा प्रश्न

ताडोब्यात शिकारबंदी १९३५ मध्येच झाली. देशभर वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. अजिंठ्याच्याच डोंगररांगेत, कन्नडजवळ, १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. मार्च २०२१ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचे कळले. शेकडो किलोमीटर चालून तो आला होता. पण एकट्या नराने वरचे गणित सुटत नाही. वाघीण हवी आणि पुरेसे भक्ष्यही हवे.

इकडे शेतकऱ्याचे दुखणे वेगळे आहे. मका आणि भुईमूग रानडुकरे एका रात्रीत लोळवतात. “मग शिकारीला परवानगी का नको?” असे एखादी विद्यार्थिनी विचारील. प्रश्न रास्त आहे. पिकाची नासाडी करणारी काही जनावरे मारायला वनाधिकारी कायद्यानुसार परवानगी देऊ शकतात. सरकारकडून नुकसानभरपाईही मिळते. मात्र बंदूक हा पुरा इलाज नाही, हे जर्मनीच्या आकड्यावरून दिसतेच. रानडुकरे खाणारा लांडगा जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नाहीसा केला होता. त्याची पिले तिथल्या रानात पुन्हा जन्मली ती २००० साली.

तेव्हा वर्गात “शिकार चांगली की वाईट?” असा वाद लावण्यापेक्षा तीन प्रश्न द्यावेत. प्राणी कोणता? त्याची वर्षाची वाढ किती, आणि ती कोणी मोजली? शेताचे नुकसान कोण भरणार? शेतकऱ्यांच्या मुलांना तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळ सांगता येईल. त्यांना आधी बोलू द्या.