विमानतळ ते शिवमंदिर

बालमित्रांनो, समजा महाशिवरात्रीला तुमचे मामा विमानाने मुंबईला उतरणार आहेत आणि त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात यायचंय. वाट कोण सांगणार? तुम्हीच! घ्या वही.

टर्मिनल दोनला भुयारी मेट्रो आहे. एकच स्टेशन जायचं, मरोळ नाका. तिथे मेट्रो बदलून घाटकोपर, आणि मग मध्य रेल्वेची लोकल. इथे मात्र सांभाळा हं! कल्याणला रुळांना दोन फाटे फुटतात. इंडिकेटरवर 'एन' म्हणजे कसारा, 'एस' म्हणजे कर्जत. आपल्याला कर्जत, बदलापूर किंवा अंबरनाथ गाडीच हवी. कल्याणनंतर शहाड आलं की चुकलात. लगेच उतरून मागे फिरा. मी एकदा गप्पांच्या नादात थेट टिटवाळ्याला पोचले! गणपती भेटला, महादेव राहिला.

बरोबर गाडीत विठ्ठलवाडी, उल्हासनगर, मग अंबरनाथ. पूर्वेला उतरून रिक्षा करा. संध्याकाळी मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये शिरणं कठीण, तेव्हा मामांना दुपारचं विमान घ्यायला सांगा.

वालधुनीकाठचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० आहे. गाभारा जमिनीच्या खाली आहे. आजी बरोबर असली तर पायऱ्या उतरताना तिचा हात धरा.