रंग देण्यापूर्वी भिंतीवरचा डाग ओळखा



दसरा-दिवाळी जवळ आली की घराला रंग देण्याची लगबग सुरू होते. मूग, उडीद, सोयाबीनचे चार पैसे हाती आलेले असतात. चुलीमागची काळी भिंत, खताच्या पोत्यांमागची पोपडे सुटलेली भिंत आणि कीटकनाशकांच्या वासाची कोपऱ्यातली खोली या तिन्हींवर एकच उपाय केला जातो, तो म्हणजे डिस्टेंपरचे दोन हात. भिंत काही दिवस चांगली दिसते. मग तपकिरी डाग पुन्हा वर येतात, पोपडे सुटतात आणि पावसाळी हवेत तोच वास परत येतो. दोष दुकानदाराला किंवा रंगाऱ्याला दिला जातो. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. रंगाखाली काय आहे हे पाहिलेले नसते.

काही डाग योग्य अस्तर देऊन बंद करता येतात. काहींचे मूळ आधी काढावे लागते. एक प्रकार मात्र असा आहे की तो रंगाने कधीच झाकू नये. हा फरक कसा ओळखावा आणि त्याप्रमाणे काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

डाग पुन्हा वर का येतो?

चुना आणि डिस्टेंपर हे पाण्यात कालवून लावायचे रंग आहेत. ओला हात भिंतीवर बसताच त्यातील पाणी खालच्या डागात मुरते. धुरातील डांबरट अंश, गळक्या छपराच्या पाण्याबरोबर आलेला तपकिरी रंग किंवा क्षार त्या पाण्यात थोडेफार विरघळतात. रंग वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते आणि विरघळलेला डाग पृष्ठभागावर राहतो. म्हणून कितीही हात दिले तरी प्रत्येक ओल्या हाताबरोबर डाग पुन्हा वर चढतो.

वासाचेही असेच आहे. वास हा हवेत उडणारा पदार्थ असतो. तो काजळीत, लाकडात, गिलाव्यात मुरलेला असतो. पातळ, सच्छिद्र रंगातून तो सहज बाहेर येतो. ऊन किंवा दमट हवा लागली की अधिक जाणवतो.

रंग आणण्यापूर्वी दोन सोप्या परीक्षा कराव्यात.

१) पांढरे ओले फडके डागावर पाच मिनिटे दाबून धरावे. फडक्याला तपकिरी किंवा पिवळा रंग लागला तर तो डाग पाण्याच्या रंगातून वर येणार हे नक्की समजावे.

२) हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी काढावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येत आहे. थेंब खोलीकडील बाजूस असतील तर ती हवेतील वाफ आहे. अशा खोलीत खिडकी किंवा झरोका वाढवण्याची गरज असते.

धुराची काजळी

चुलीमागची भिंत काळी होते ती केवळ राखेने नव्हे. लाकूड, तुऱ्हाट्या, गोवऱ्या अर्धवट जळताना डांबरट, तेलकट पदार्थ धुरातून भिंतीवर बसतात. त्यात फोडणीच्या तेलाची वाफ मिसळते. हा थर चिकट असतो, त्यामुळे नवा रंग धरत नाही आणि डागही सोडतो. काम पुढील क्रमाने करावे.

१) प्रथम धुराला वाट द्यावी. धुराडे किंवा निर्धूर चूल न बसवता भिंत रंगवणे म्हणजे बांध न घालता पाणी अडवण्यासारखे आहे.

२) चुन्याचे जुने थर लोखंडी पत्रीने गिलाव्यापर्यंत खरवडावेत. चुन्याच्या सैल थरावर कोणतेही अस्तर टिकत नाही.

३) १० लिटर कोमट पाण्यात पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवून भिंत घासावी. हातात रबरी मोजे घालावेत. धुण्याची सुरुवात खालून करून वर जावे. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ कोरड्या भिंतीत मुरतात आणि त्यांचे पट्टे निघत नाहीत.

४) स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे. सोडा राहिला तर पुढचे अस्तर सुटते. भिंत पूर्ण वाळू द्यावी.

५) पांढऱ्या फडक्याची परीक्षा पुन्हा करावी. अजून डाग लागत असेल तर पाण्याचे प्रायमर न वापरता तेलात बनवलेले, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारे प्रायमर एक हात द्यावे. ते वाळल्यावर हातभर जागेत डिस्टेंपर लावून दुसऱ्या दिवशी पाहावे. डाग दिसला नाही तरच पूर्ण भिंत रंगवावी.

तेली प्रायमर फक्त जुन्या, कोरड्या गिलाव्यावर द्यावे. नव्या सिमेंटच्या गिलाव्यातील अल्कली तेलाचा साबण करते आणि रंग चिकट होऊन सुटतो. मातीच्या भिंतीवरही तेली प्रायमर देऊ नये. तेथे काजळीचा थर खरवडून मातीचा नवा लेप द्यावा आणि वर चुना लावावा. तो लेप श्वास घेतो आणि दर वर्षी कमी खर्चात दुरुस्त होतो.

हट्टी डागांसाठी लाख

सुतार दार-खिडक्यांना पॉलिश करण्यासाठी जी चपडी लाख वापरतात ती डाग आणि धुराचा वास अडवण्यासाठी फार उपयोगी आहे. ही लाख आपल्या शेतीशी नाते असलेली वस्तू आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ स्रवतात तीच ही लाख. तिच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ स्वतंत्र संस्था स्थापन झाली. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे पाण्याने सुटणारा डाग तिच्याखाली अडकून राहतो.

एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १५० ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवावी. भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडी भांड्यात लाख काळवंडते. गाळून डागावर आणि त्याच्या कडेने चार बोटे जास्त जागेवर एक हात द्यावा. तासाभराने दुसरा द्यावा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून त्यावर तेली प्रायमर द्यावे. छपराची गळती बंद केल्यावर उरलेली तपकिरी वर्तुळे, धुराने काळवंडलेले वासे आणि लाकडातील राळेच्या गाठी यांवर हा उपाय चांगला लागू पडतो. पूर्ण भिंतीला लाख लावण्याची गरज नाही. ते खर्चिक होते.

लाखेच्या तीन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. ती ओल्या भिंतीवर पांढरी पडते. चुना आणि नवे सिमेंट यांच्या अल्कलीने ती सुटते. स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून काम चालू असताना घरात चूल, स्टोव्ह, दिवा, विडी काही पेटलेले नसावे आणि दारे-खिडक्या उघडी असावीत. हे स्पिरिट विषारी असते. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

गंजाच्या डागांना लाख लावून भागत नाही. खिळा, गज किंवा पत्रा घासून त्यालाच रेड ऑक्साइड प्रायमर द्यावे. गंज तिथेच थांबला पाहिजे.

लोणा लागलेली भिंत

खताच्या खोलीत आणि गोठ्याला लागून असलेल्या भिंतीवर पांढरी भुकटी फुलते, गिलावा फुगतो. याला आपण लोणा म्हणतो. हा डाग बंद करण्याचा प्रयत्न हमखास फसतो. त्याचे कारण क्षारपड जमीन पाहिलेल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. अशा जमिनीत खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. निचऱ्याची सोय न करता वरवर काही पसरल्याने जमीन सुधारत नाही. भिंतीतही हेच घडते. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल तर जमिनीतील पाणी विटांतून वर चढते. वर तेली रंगाचा पडदा घातला की क्षार त्याच्या मागे साठतात, फुगतात आणि गिलाव्यासकट रंग ढकलून देतात. ओल मात्र आणखी वर चढते.

गोठ्याच्या भिंतीत जनावरांचे मूत्र मुरलेले असते. जिवाणू त्यातील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पूर्वी जुन्या गोठ्यांच्या मातीतून सोरा काढत असत, तोच हा क्षार. तो हवेतील ओलावा ओढतो, म्हणून पावसाळ्यात ती भिंत पाणी न लागताही ओली दिसते. युरिया आणि पोटॅशही ओलावा ओढून घेतात. फुटलेल्या पोत्यातील खत भिंतीत मुरले की असाच त्रास होतो.

यासाठी पुढील उपाय करावेत.

१) भिंतीलगतचे पाणी तोडावे. अंगणाचा उतार बाहेर काढावा, पन्हाळीचे पाणी जोत्यावर पडू देऊ नये, मोरीची गळती बंद करावी.

२) लोणा पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात. तो कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून बाहेर टाकावा.

३) फुगलेला गिलावा डागाच्या वर एक फुटापर्यंत काढून टाकावा. विटांचे सांधे खरवडून भिंत उघडी वाळू द्यावी आणि नंतर नवा गिलावा करावा. वरचा हात चुन्याचा द्यावा.

४) खताची पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर दूर रचावीत.

भिंतीवर हिरवी-काळी बुरशी असेल तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लिचिंग पावडर कालवावी. वरची निवळी बुरशीवर लावून वीस मिनिटांनी घासून धुवावी. ब्लिचिंग पावडर कोणत्याही आम्लात किंवा संडास धुण्याच्या द्रावणात मिसळू नये. मूत्र किंवा युरिया मुरलेल्या भिंतीवरही ती वापरू नये. यातून विषारी वायू निघतात.

जुना तेली रंग खरवडताना

जुन्या दारांच्या तेली रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा केंद्र शासनाचा २०१६ चा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे रंग कोरडे घासू नयेत आणि दिव्याने जाळूनही काढू नयेत. पाणी लावून घासावे, नाकावर मास्क लावावा आणि कचरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना काम संपेपर्यंत तेथून दूर ठेवावे.

कीटकनाशकांची खोली: येथे रंग हा उपाय नाही

कुटुंब वाढते, मुलांना अभ्यासाला जागा हवी असते, धान्याला कोठी कमी पडते. मग वर्षानुवर्षे औषधे ठेवलेली खोली झाडून, धुऊन, रंग देऊन वापरात आणली जाते. हे करू नये. सांडलेले औषध मातीची जमीन, गिलावा, फळ्या आणि दाराच्या चौकटीत मुरलेले असते. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, पण त्याआधी सांडलेला अंश घरात कुठे मुरला आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

रंगाचा थर वास काही काळ दाबतो, विष काढून टाकत नाही. उलट वास कमी झाल्याने घरच्या माणसांचा धोक्याचा इशाराच नाहीसा होतो. वास येत नाही म्हणजे विष नाही, असेही नसते. रोजच्या सवयीने नाकाला वास जाणवेनासा होतो. सोडा किंवा चुना लावल्याने सगळी औषधे निकामी होतात, हा समजही चुकीचा आहे. काही औषधे अल्कलीत फुटतात, काही फुटत नाहीत. ट्रायक्लोरफॉनसारख्या औषधापासून तर अल्कलीत डायक्लोरव्हॉस तयार होते, ते अधिक विषारी आहे.

म्हणून अशी खोली झोपण्यासाठी, स्वयंपाकासाठी, धान्यासाठी किंवा जनावरांच्या खाद्यासाठी वापरू नये. तिला कुलूप लावून ती औषधे आणि फवारणीचे पंप ठेवण्यासाठीच राहू द्यावी. घरात वाढीव खोली हवी असेल तर खताची किंवा अवजारांची खोली वरीलप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी. नवे घर बांधणाऱ्यांनी औषधांची खोली राहत्या घरापासून वेगळी ठेवावी.

काम कधी करावे?

काजळी आणि वाळलेल्या डागांचे काम दिवाळीपूर्वी करण्यास हरकत नाही. ओल आणि लोणा लागलेल्या भिंती मात्र पावसाळा संपताच रंगवू नयेत. त्यांचा गिलावा दिवाळीनंतर काढून भिंत हिवाळाभर उघडी ठेवावी आणि रब्बीची सुगी उरकल्यावर उन्हाळ्यात काम पूर्ण करावे. धान्याची कोठी रंगवली तर रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत तीत धान्य भरू नये. कोठीला चुन्याचा हात पुरेसा असतो, मात्र भेगा आधी बुजवाव्यात.

थोडक्यात, धुराचा डाग धुऊन अस्तराखाली बंद करावा. ओल आणि लोण्याचे मूळ तोडावे, वर भिंतीला श्वास घेऊ देणारा रंग द्यावा. विषाची खोली मात्र रंगाने झाकू नये. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी एकदा ओले फडके आणि प्लॅस्टिकचा कागद घेऊन घरातून फिरावे. कोणत्या भिंतीवर खर्च करायचा आणि कोणत्या खोलीत मुलांना झोपवायचे नाही, हे दोन दिवसांत समजेल.