इंजिनिअरिंगला ॲडमिशन आणि नीटचीही तयारी : दोन्ही एकत्र जमेल का?

नीटचा निकाल लागतो, मार्क कमी पडतात आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत तीच बैठक भरते. मुरूड असो, म्हसळा असो की श्रीवर्धन. अम्मी म्हणते, "अजून एक साल देऊ दे." अब्बा कुवेतहून फोनवर विचारतात, "सालभर घरी बसून करणार काय?" शेवटी मामू तोडगा काढतात, "इंजिनिअरिंगला टाका, तिथूनच नीटचा अभ्यास करील. हात रिकामे नकोत." सगळ्यांना पटतं. ज्याला किंवा जिला हे करायचं आहे, त्यांना मात्र कुणी नीटसं विचारत नाही.

हा तोडगा चुकीचाच आहे, असं आम्ही म्हणणार नाही. काही मुलांसाठी तो खरोखर योग्य ठरतो. पण मुदत ठरवून घेतली नाही, तर इंजिनिअरिंगचे विषय मागे राहतात, नीटचे मार्कही वाढत नाहीत आणि दोन वर्षांनी मुलाच्या हातात काहीच नसतं. म्हणून ॲडमिशनची फी भरण्याआधी काही गोष्टी समजून घेऊ.

आपल्या जिल्ह्यात काय आहे?

रायगडमध्ये दोन्ही वाटा आहेत. माणगाव तालुक्यात लोणेरे इथे मुंबई-गोवा महामार्गालगत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, त्याची स्थापना १९८९ची. नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे, तिथे इंजिनिअरिंगसोबत फार्मसीही शिकवतात. वैद्यकीय शिक्षणासाठी कामोठ्याला एमजीएम आहे आणि २०२१-२२ पासून अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं.

अलिबागचं कॉलेज आलं तेव्हा "आता आपल्या मुलांना घराजवळ जागा मिळेल" असं अनेकांना वाटलं. पण त्या १०० जागा रायगडकरांसाठी राखीव नाहीत. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, बाकीच्या राज्याच्या गुणवत्ता यादीतून. पूर्वी राज्यात ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता, तो २०२० मध्ये रद्द झाला. म्हणजे अलिबागच्या जागेसाठी आपल्या मुलाची स्पर्धा लातूर, नांदेड, पुणे अशा सगळ्याच ठिकाणच्या मुलांशी आहे.

आणखी एक गैरसमज. "नीट क्वालिफाय झाला" म्हणजे जागा मिळाली, असं होत नाही. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी फीच्या तर आणखी कमी. पेढे वाटण्याआधी गुणवत्ता यादीतला नंबर पाहावा.

अभ्यास खरंच सारखा आहे का?

"फिजिक्स-केमिस्ट्री तर दोन्हीकडे आहेच," असं मामू म्हणतात. नावं तीच आहेत, पण आतला अभ्यास बराच वेगळा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये लेसर, ऑप्टिकल फायबर, सेमीकंडक्टर असे विषय येतात. केमिस्ट्रीत पाण्याचा कठीणपणा, गंज, पॉलिमर, इंधनं. नीटला हवं असतं ते अकरावी-बारावीचं एनसीईआरटी, ओळ न् ओळ. शिवाय इंजिनिअरिंगला गणित, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रोग्रामिंग आहे आणि त्याचा नीटला काही उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे असतात. ७२० पैकी ३६० मार्क. इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांत बायोलॉजी हा विषय नावालाही नसतो. म्हणजे अर्धा पेपर पूर्णपणे स्वतःच्या बळावर तयार करायचा.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा

समजा, मुलगी लोणेऱ्याच्या होस्टेलवर आहे. लेक्चर, प्रॅक्टिकल, असाइनमेंट सांभाळून नीटसाठी रोज ४ तास आणि रविवारी ८ तास तिने काढले, तर आठवड्याला ३२ तास होतात. ऑक्टोबर ते एप्रिल धरले तर साधारण २८ आठवडे मिळतात. त्यातले सेमिस्टर परीक्षेचे आणि सबमिशनचे चार-पाच आठवडे वजा करा. हाती राहतात ७५० तास. घरी राहून रोज ८ तास अभ्यास करणाऱ्या मुलीला त्याच काळात दीड हजारांहून जास्त तास मिळतात. म्हणजे वेळ निम्माच.

मुरूड किंवा बोर्ली पंचतनहून एसटीने रोज ये-जा करणाऱ्या मुलाला तर तेवढाही मिळणार नाही.

तारखाही सोयीच्या नाहीत. नीट साधारणपणे मेच्या पहिल्या रविवारी असते आणि दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षाही मे-जूनमध्येच येते. शिवाय सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे उजळणीच्या ऐन महिन्यांत. सहरीनंतरचे शांत दोन तास बायोलॉजीला दिले तर खूप काही होतं, पण ते आधीच ठरवून घ्यावं लागतं. तरावीह, कॉलेज आणि जागरण एकत्र झालं की तब्येत आधी बिघडते.

मग हे कुणासाठी जमण्यासारखं आहे?

आमचा मशवरा असा आहे. आपल्या प्रवर्गात सरकारी कॉलेजची शेवटची जागा यंदा किती मार्कांवर गेली, हे सीईटी सेलच्या यादीत पाहा. मुलाचे मार्क आणि तो आकडा यातलं अंतर काढा. तुलना त्याच वर्षाची करा, कारण पेपर सोपा की कठीण यावर कट-ऑफ दरवर्षी बदलतो.

नीटला बरोबर उत्तराला ४ मार्क मिळतात, चुकीला १ कापला जातो. एक चुकलेलं उत्तर बरोबर आलं तर ५ मार्कांचा फरक पडतो. अंतर ५० मार्कांचं असेल तर प्रश्न दहाच आहेत. पाया तयार असलेली मुलगी इंजिनिअरिंग करता करता ते भरून काढू शकते. अंतर २०० मार्कांचं असेल तर ४० प्रश्नांचं काम आहे, ते ७५० तासांत होणं फार कठीण. अशा मुलाने एकतर पूर्ण वर्ष नीटला द्यावं किंवा मनापासून इंजिनिअरिंग करावं. दोन्ही धरलं तर दोन्ही निसटेल.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलगा सालभर घरी बसला तर लोक म्हणतात तयारी करतोय. मुलगी बसली की पैगाम येऊ लागतात. म्हणून काही मुली केवळ शिक्षण तुटू नये एवढ्यासाठी इंजिनिअरिंगला नाव घालतात. अशा मुलीला दोष देऊ नका. तिला हवा असलेला वेळ घरच्यांनी उघडपणे कबूल केला, तर तिला असा आडमार्ग घ्यावाच लागणार नाही.

नियम काय सांगतात?

नीटसाठी किमान वय १७ वर्षं पूर्ण हवं, प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकली आणि किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालेला किंवा डिग्री घेतलेला मुलगाही बसू शकतो.

बारावीला फक्त गणित होतं, बायोलॉजी नव्हतं, अशांसाठीही दार उघडलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेला विद्यार्थीही पात्र आहे. त्यासाठी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात किंवा बोर्डाच्या वाशी इथल्या विभागीय कार्यालयात चौकशी करावी. प्रॅक्टिकलचं कसं होईल, हेही तिथेच विचारावं.

नीट १३ भाषांत होते, त्यात मराठी आणि उर्दूही आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलांनी अर्ज भरताना याचा विचार करावा. पण अकरावी-बारावी इंग्रजीत केली असेल तर शब्दांची सवय इंग्रजीचीच असते, तेव्हा केवळ मायेपोटी भाषा बदलू नये.

फी आणि कागदपत्रं

इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरलेल्या अंतिम तारखेआधी रद्द केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून फी परत मिळते. तारीख उलटल्यावर ती फी गेली, असंच समजा. मात्र मध्येच शिक्षण सोडलं म्हणून पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं एआयसीटीईचे नियम सांगतात. मेडिकलची जागा लागली की मूळ दाखला घेऊन हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात. तेव्हा ॲडमिशन घेतानाच कार्यालयात विचारून ठेवा आणि प्रत्येक कागद स्कॅन करून घरी ठेवा.

खुल्या प्रवर्गातल्या आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुस्लिम कुटुंबांनाही ईडब्ल्यूएस दाखला मिळू शकतो, जमीन-घराच्या अटी पूर्ण होत असतील तर. ओबीसी यादीतल्या जातींनी नॉन-क्रिमिलेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढावं. निकाल लागल्यावर तहसीलला धावपळ करून वेळ जातो. फी सवलत किंवा अल्पसंख्याक शिष्यवृत्ती घेतली असेल तर कोर्स बदलल्यावर पुढे तिचं काय होईल, हेही कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या.

शेवटची तारीख घरानेच ठरवायची

नीटला वयाची मर्यादा नाही, प्रयत्नांची नाही. ऐकायला बरं वाटतं, पण यातच धोका आहे. परीक्षा कधीच सांगणार नाही की आता पुरे. ते घरानेच ठरवावं लागतं. आमचं म्हणणं एवढंच, की इंजिनिअरिंगसोबत नीट द्यायची असेल तर एकदाच द्या. पहिल्या सेमिस्टरमध्ये एकही विषय मागे राहू देऊ नका. जानेवारीत दोन-तीन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. मार्क वाढले नसतील तर तिथेच थांबून मन इंजिनिअरिंगला लावा. नीटच्या निकालात जागा आली तर अल्हम्दुलिल्लाह. नाही आली तर दुसरं वर्ष पूर्णपणे इंजिनिअरिंगचं.

आणि थांबणं म्हणजे हरणं नव्हे. ज्या मशीनवर डायलिसिस होतं, ज्या व्हेंटिलेटरवर माणूस श्वास घेतो, ती इंजिनिअरच बनवतात आणि दुरुस्त करतात. आयआयटी मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला इंजिनिअरही जातात आणि डॉक्टरही. रुग्णाच्या कामी येण्याचे रस्ते एकाहून जास्त आहेत.

इस्तिखारा जरूर करा. त्याआधी मार्कलिस्ट, कट-ऑफची यादी आणि तासांचा हिशेब समोर ठेवा, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला विचारा, "बेटा, तुला काय वाटतं?" उत्तर येईपर्यंत बाकीच्यांनी थोडं गप्प बसावं. मामूंनीसुद्धा.